हुंबर: आसंड पठारावरच्या कळपाच्या प्रकल्प नोंदी

6 जानेवारी

आजपासून हुंबराची फाईल वेगळी केली. आत्तापर्यंत आपल्या कथेच्या कल्पित जगात हे जनावर नुसतं मागे उभं असायचं, म्हणजे प्रवासाचा सीन आला की दोन-चार हुंबरं ओझं घेऊन चाललीयेत, रुवाण लोक त्यांचं दूध पितायत, लोकरीचे डगले घालतायत, बस. तिथे घोडा लिहिला किंवा गाय लिहिली तरी कथेत काडीचा फरक पडला नसता. आणि दुसरीकडे आपण रुवाणांना मॅपवर "कळपावर जगणारे लोक" म्हणून ठेवलंय. मग तो कळप नक्की कसा आहे हे ठरल्याशिवाय त्यांचं लग्न, भांडण, कर्ज, मयत यातलं काहीच खरं वाटणार नाही असं मला फार मनापासून वाटतं, म्हणून हे काम अंगावर घेतलंय.

पद्धत अशी ठरवली की जनावर माणसाला काय काय देतं (दूध, मांस, लोकर, शेण, कातडं) ती यादी अगदी शेवटी. आधी हुंबराला काय लागतं ते लिहायचं. किती चारा, कुठलं पाणी, मीठ कुठून, कधी विणार, कशाला बिचकणार. कारण पाळणारी माणसं दिवसरात्र त्याच्या गरजांमागे पळत असतात, आणि वर्षानुवर्षं पळून पळून जे अंगवळणी पडतं त्याच्याच पुढे रूढी होतात.

9 जानेवारी

शरीर. पठार साधारण 3500 मीटर उंचीवर आहे हे आधीच ठरलंय, म्हणजे हवा विरळ. त्यासाठी याक डोळ्यासमोर ठेवला, त्याची फुप्फुसं आणि हृदय शरीराच्या मानाने मोठी असतात, वर राठ लांब केस, आत मऊ दाट लोकर, आणि खाली गरम प्रदेशात आणला की त्याचे हाल होतात. हुंबराचंही तेच ठेवलं. दरीत उतरलं की उन्हाळ्यात धापा टाकतं, चारा सोडतं, वेत फुकट जातं. ही एक गोष्ट पुढे खूप कामाला येणार, कारण दरीवाले कितीही श्रीमंत झाले तरी हुंबर स्वतः वर्षभर पाळू शकत नाहीत, त्यांना रुवाणांशी जमवून घ्यावंच लागतं.

नाक सायगा हरणावरून घेतलं. मध्य आशियातल्या गवताळ मैदानांवरचं हे हरीण, त्याचं फुगीर लोंबतं नाक उन्हाळ्यात धूळ गाळतं आणि हिवाळ्यात थंड हवा छातीत जायच्या आधी गरम करतं, शिवाय माजावर आलेले नर त्याच नाकातून घोगरा आवाज काढतात. हुंबराला तसंच पोकळ नाक दिलंय पण आवाज माद्यांनाही आहे. का, तर पठारावर हिवाळ्यात इतकं धुकं की वीस पावलांवरचं दिसत नाही, मग कळप एकत्र राहणार कसा? आवाजावरच. खालच्या पट्टीतला आवाज लांब जातो, हत्ती तर माणसाला ऐकूही न येणाऱ्या खर्जात काही किलोमीटरवरून एकमेकांना खबर देतात. तर दिवस मावळायला लागला की हुंबरं नाकातून हुंकारायला लागतात. प्रत्येक मादीचा हुंकार वेगळा आणि पिल्लू आपल्या आईचाच ओळखतं. हे नीट लक्षात ठेवायचं, यावर पुढे बरंच काही उभं राहील.

शिंगं नर-मादी दोघांना. रेनडिअरमध्ये नरांची शिंगं माज संपल्यावर गळून जातात आणि गाभण माद्यांची हिवाळाभर टिकतात, त्यामुळे बर्फ उकरून काढलेल्या चाऱ्याच्या खड्ड्यावर पोटुशी मादी भल्या दांडग्या नरालाही हटवते. आपल्या हुंबराची शिंगं कायमची आहेत, पण हिवाळ्यात कळप माद्यांच्या हाती असतो हे मात्र घेतलं. म्होरकी म्हणजे एखादी म्हातारी मादी, जिने सगळे पाणवठे पाहिलेत.

मादीचं वजन 400 किलोच्या आसपास, नर 550.

10 जानेवारी

पहिलं स्केच आलं. अंग मस्त जमलंय, डोळे तर फारच छान, पण नाक सोंडेसारखं झालंय. आखूड करायला सांगितलं, ओठाच्या खाली जेमतेम दोन बोटं. आणि मानेवरची लोकर खाली गुडघ्यापर्यंत हवी, विणीच्या दिवसात पिल्लं त्यात तोंड खुपसून उभी राहतात.

14 जानेवारी

चाऱ्याचा हिशोब केला आणि त्या हिशोबाने अख्खा मॅप हलवला.

रवंथ करणाऱ्या मोठ्या जनावराला दिवसाला वजनाच्या दोन ते तीन टक्के सुका चारा लागतो. आपण 10 किलो धरू. रुवाणांचा एक तळ म्हणजे तीन-चार घरं आणि 120 हुंबरं, म्हणजे रोजचा 1200 किलो चारा. पठार कोरडं, हेक्टरी वर्षाला 500 किलो गवत धरलं आणि त्यातलं अर्धं पुन्हा फुटण्यासाठी राखलं तर 250 किलो उरतं. म्हणजे रोज जवळपास 5 हेक्टर साफ. दहाबारा दिवसात तळाभोवतीचं रान संपतं, मग जनावर सकाळी जेवढं लांब जातं तेवढंच संध्याकाळी परत येताना खर्ची घालतं, दूध कमी होतं, आणि उठावं लागतं.

म्हणून मॅपवर गावांचे ठिपके चालणारच नाहीत. वाटा काढाव्या लागतील, मोठी मोठी वळसेदार वाट, जी वर्षाने पुन्हा त्याच जागी येते. आणि त्यातून कितीतरी गोष्टी आपोआप सुटत गेल्या. मातीची भांडी नाहीत कारण ती फुटतात, कातडी पखाली आहेत. हातमाग असा की दोन काठ्या आणि कमरेचा पट्टा, बांधला आणि निघाले. आणि मयताचं काय? माणूस जिथे गेला तिथेच त्याला ठेवून तळ उठतो, थांबता येत नाही, थांबलं तर जनावरं उपाशी. त्यामुळे रुवाणांचं सुतक दिवसांवर मोजलं जात नाही, कळप वळसा घालून पुन्हा त्या जागी आला की फिटतं. कोणाचं दहा महिन्यात फिटेल, कोणाचं वाट बदलली म्हणून तीन वर्षं फिटणार नाही. हे मला स्वतःला इतकं पटलं की नायिकेच्या वडिलांचा मृत्यू आता मुख्य वाटेपासून दूरच्या एका खिंडीत घ्यायचाय, जिथे कळप सहसा जातच नाही.

15 जानेवारी

मीठ. गवतात सोडियम कमी असतं त्यामुळे चरणाऱ्या जनावरांना मिठाची ओढ असतेच, रेनडिअर तर माणसाच्या लघवीतल्या मिठासाठी तळाजवळ येतात. पठाराच्या उत्तरेला खारं तळं आहे ते आतापर्यंत निव्वळ शोभेचं होतं. आता तिथे सगळ्या तळांना वर्षातून एकदा यावंच लागतं. मग बाजार तिथे, सोयरीक तिथे, न्यायनिवाडा तिथेच. आणि तळ्याकाठी हत्यार उपसायचं नाही हा नियम, कारण हजारो हुंबरं एकमेकांत मिसळलेली असतात आणि ती उधळली तर कोणाचीच कोणाला सापडणार नाहीत.

23 जानेवारी

कळप वाढतो किती हे आज लावलं. या प्रकल्पातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा हाच आहे असं माझं मत झालंय.

उंटीण साधारण 13 महिने गाभण असते, हुंबराचंही तेवढंच ठेवलं. पाचव्या वर्षी पहिलं वेत, मग दर दोन वर्षांनी एक. 100 च्या कळपात विणाऱ्या माद्या 55 धरा. वर्षाला 27 पिल्लं. त्यातली तिसरा हिस्सा पहिल्या हिवाळ्यात जातात, राहिली 18. मोठ्या जनावरांतली 6 म्हातारपण, लांडगे, कडा यात जातात. हाती उरली 12. त्यातली 7 खाण्यात आणि देवाणघेवाणीत गेली, बहुतेक खच्ची केलेले नर, तर कळप वर्षाला 5 ने वाढतो. पाच टक्क्याने दुप्पट व्हायला साधारण 14 वर्षं.

आता उलटं बघा. एका वाईट हिवाळ्यात निम्मा कळप गेला तर तो पूर्ववत व्हायला 14 वर्षं, आणि तीही मधे दुसरा वाईट हिवाळा आला नाही तर. म्हणजे हिवाळ्यात सहा वर्षांची असलेली पोर वीस वर्षांची होईपर्यंत ओढगस्तीतच वाढणार. रुवाणांच्या प्रत्येक पिढीला अमुक हिवाळ्याची पिढी असं का म्हणतात ते आता कळलं, आधी ते नुसतं ऐकायला छान वाटतं म्हणून लिहिलं होतं.

आणि मांस. वर्षाला सात जनावरं, तीही तीन-चार घरांत आणि त्यातली काही दाण्याच्या बदल्यात दिलेली. म्हणजे हुंबर कापणं ही कधीही सहज गोष्ट असू शकत नाही. आधीच्या मसुद्यात पाहुणे आले की लगेच हुंबर कापलंय, ते सगळे सीन काढायला लागणार. कापणं नेहमी सगळ्यांसमोर, आणि कुठला भाग कोणाचा हे नात्यावर ठरलेलं. जीभ मामाची. फऱ्याचा भाग ज्याने ते जनावर लहानपणी राखलं त्याचा, मग तो आज वैरी का असेना.

2 फेब्रुवारी

मॅपचं काम बघणाऱ्या मित्राने सुचवलं की हुंबराच्या दुधात औषधी शक्ती ठेवू, जखम भरते वगैरे. मी नको म्हटलं आणि का ते इथे लिहून ठेवतो. दुधाने जखम भरत असेल तर दरीतले सगळे राजे सैन्य घेऊन वर येतील, कळप लुटून नेतील, आणि हुंबर हे एक हत्यार होऊन बसेल. त्याच्याशी कोणाचं जगणं जोडलेलं आहे हा भागच मरेल. जादू जगात इतर ठिकाणी भरपूर आहे. हे जनावर जनावरच राहू दे.

दुधाबद्दल खरी गंमत वेगळीच आहे. मंगोलियातल्या बहुतेक मोठ्या माणसांना दुधातली साखर नीट पचत नाही आणि तरी ती माणसं हजारो वर्षं दुधावर जगतायत, कारण ते दूध आंबवतात आणि आंबवताना ती साखर बरीच कमी होते. रुवाणही ताजं दूध पीत नाहीत. ताजं दूध लहान मुलांचं आणि आजाऱ्यांचं. मोठ्या माणसाने ताजं दूध मागणं म्हणजे "मला सांभाळा" असं उघड म्हणणं. एका सीनमध्ये म्हातारा सरदार सगळ्यांसमोर ताज्या दुधाची वाटी मागतो आणि सगळ्यांना कळतं की याने सत्ता सोडली. एवढंच, भाषण नको.

11 फेब्रुवारी

पान्हा. यावर बरेच दिवस वाचत होतो.

जनावर दूध देतं म्हणजे कासेत तयार असतं आणि आपण काढतो असं नाहीये. पिल्लू ढुसण्या देतं, तोंड लावतं, त्याचा वास येतो, तेव्हा आईच्या शरीरात ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक सुटतं आणि पान्हा येतो. जुन्या जातींमध्ये तर पिल्लू समोर नसेल तर मादी दूध चोरते, वर चढवते. पिल्लू मेलं की काही दिवसात आटते. म्हणून जगभर गुराख्यांनी मेलेल्या पिल्लाचं कातडं पेंढ्याने भरून आईसमोर धरलंय, किंवा ते कातडं दुसऱ्या पोरक्या पिल्लाच्या अंगावर चढवून तिला लावलंय. मेंढपाळ आजही हे करतात. आणि मंगोलियात उंटिणीने पिल्लू नाकारलं तर तिला गाणं म्हणून, मोरिन खूर हे तिथलं तंतुवाद्य वाजवून वळवतात, तासन् तास, तीच ओळ पुन्हा पुन्हा. 2015 साली युनेस्कोने ही प्रथा तातडीने जपायच्या वारशाच्या यादीत घेतली.

हुंबरांमध्ये पिल्लांचा तिसरा हिस्सा मरतो हे आपण ठरवून बसलोय. म्हणजे दर विणीत प्रत्येक तळावर आठ-दहा माद्यांचं पिल्लू गेलेलं असणार, आणि काही पिल्लांची आई गेलेली. यांची गाठ घालून देणारं माणूस नसेल तर तळ उपाशी मरेल. त्या माणसाला रुवाण पान्हवी म्हणतात. बाई किंवा पुरुष कोणीही, कान चांगला हवा.

आता ती नक्की काय करते ते जवळून लिहितो कारण हाच सीन पहिल्या भागात आहे. मेलेलं पिल्लू गार व्हायच्या आत ती सोलते. शेपूट कातड्यालाच ठेवते, कापत नाही, कारण पिल्लू प्यायला लागलं की आई मान वळवून त्याच्या शेपटापाशीच हुंगते. पुढच्या पायांसाठी दोन भोकं, पोटाखाली वाखाची गाठ, आणि ते ओलं कातडं पोरक्या पिल्लाच्या अंगावर घट्ट ओढते. ते पिल्लू थरथरत असतं, दोन दिवसांचं उपाशी. मग मादीला दोघांनी शिंगाला धरून उभं करायचं आणि पान्हवी तिच्या कुशीला कपाळ टेकवून, तोंड मिटून, नाकातून तिचाच हुंकार काढते. दुसऱ्या कुठल्या मादीचा चालत नाही. तिचा जो हुंकार पिल्लू पोटात असल्यापासून ऐकत होतं तोच. मादी लाथ मारते, वळते, पुन्हा लाथ. पान्हवी थांबत नाही. हळूहळू मादीचे कान खाली येतात, ती शेपटापाशी नाक नेते, तिथे वास ओळखीचा. आणि ती स्वतः हुंकारायला लागली की पान्हवी गप्प होते, आणि सडातून आधी थेंब थेंब आणि मग धार.

कातडं तीन दिवस ठेवतात. तोवर पिल्लाच्या पोटात तिचंच दूध गेलेलं असतं, त्याच्या अंगाला तिचाच वास यायला लागतो. चौथ्या दिवशी कातडं काढून पुरतात.

13 फेब्रुवारी

परवाचं लिहिलेलं डोक्यातून जाईना. ज्या लोकांनी लहानपणापासून दरवर्षी हे डोळ्यांनी पाहिलंय ते पोरक्या मुलाचं काय करतील? तेच करतील.

रुवाणांमध्ये दत्तक असा नसतो की कोणीही कोणाला घेतलं. ज्या बाईचं मूल गेलंय तिच्याकडे पोरकं मूल येतं. गेलेल्या मुलाचा डगला त्याच्या अंगावर चढवतात, मोठा झाला, आखूड झाला, काही झालं तरी तोच. पान्हवी येते. ती त्या बाईच्या पाठीला कपाळ टेकवून बसते आणि हुंकारते. बाईने काही बोलायचं नसतं, नको म्हणायचं असेल तर उठून बाहेर जायचं, कोणी अडवत नाही. तिने स्वतः हुंकार दिला की मूल तिचं. तीन दिवस मुलाने डगला काढायचा नाही.

स्केच करणारी मैत्रीण म्हणाली हे त्या मुलावर अन्याय करणारं आहे, त्याला दुसऱ्याच्या मेलेल्या मुलाचे कपडे घालून उभं करणं. बरोबर आहे तिचं. मला ते झाकायचं नाहीये. आपल्या कथेतला तळू त्याच डगल्यात उभा असताना त्याला बाहीच्या आत वाळलेला शेंबूड लागतो, त्या दुसऱ्या मुलाचा. तो नऊ वर्षांचा आहे, त्याला सगळं कळतंय. हा भाग त्याच्याच नजरेतून लिहायचा असं ठरलं.

26 फेब्रुवारी

कर्ज आणि अर्धली.

मंगोलियात ज्याला झुड म्हणतात तो हिवाळा म्हणजे आधी कोरडा उन्हाळा, गवत कमी, जनावरं आधीच रोडावलेली, आणि मग बर्फाचा कडक थर की खूर मारूनही फुटत नाही. 2009-10 च्या हिवाळ्यात तिथे 80 लाखांहून जास्त जनावरं मेली. पण असा हिवाळा सगळीकडे सारखा पडत नाही, एका खोऱ्यात सगळं संपतं आणि डोंगरापलीकडे ठीक असतं. म्हणून शहाणा माणूस सगळी जनावरं एकाच कळपात ठेवत नाही. पूर्व आफ्रिकेतल्या मसाई, तुर्काना लोकांमध्ये आपली गुरं लांबच्या मित्रांकडे ठेवायची, त्यांची आपल्याकडे ठेवायची ही पद्धत आहेच.

रुवाणांकडे हे अर्धलीने चालतं. माझी मादी तुझ्या कळपात, दूध तुझं, पिल्लं एकाआड एक. यामुळे कोण किती श्रीमंत हे नजरेला दिसतच नाही, तळावर उभी असलेली निम्मी हुंबरं दुसऱ्यांची असतात आणि याची निम्मी कुठेतरी चार खोऱ्यांत विखुरलेली. दरीवाल्यांचा करवसुलीचा माणूस वर येऊन डोकी मोजतो आणि रुवाण सगळे खरं बोलतात, तरी त्याचा हिशोब लागत नाही. त्या माणसाला मूर्ख दाखवायचं नाही, तो हुशार आणि प्रामाणिक आहे, त्याच्या वहीत जनावराला एकच मालक असायला रकाना आहे एवढंच.

अर्धली तोडणं म्हणजे जनावर परत मागणं, आणि ते सोयरीक तोडण्यापेक्षा वाईट समजतात. लग्नात मुलीकडे हुंबरं जातात ती विकत दिल्यासारखी जात नाहीत, अर्धलीने जातात, म्हणजे दोन्ही घरांची पिल्लं कायम एकमेकांच्या कळपात. नवरा-बायको वेगळे झाले तरी तो हिशोब नातवंडांपर्यंत चालू.

9 मार्च

कानाच्या खुणा. उत्तर युरोपातले सामी लोक रेनडिअरच्या पिल्लाचे कान सुरीने खाचे पाडून खूण करतात, प्रत्येक मालकाची खूण वेगळी आणि नोंदलेली, आणि उन्हाळ्यात पिल्लू आईच्या मागे असतानाच करतात म्हणजे कोणाचं ते कळतं. आपल्याकडे डावा कान मालकाचा, उजवा राखणाऱ्याचा. दोन्ही कान वाचता येणारा माणूस कळपाचा अख्खा इतिहास सांगू शकतो. पोरक्या पिल्लाला नवी आई लावली तर त्याच्या डाव्या कानाची खूण बदलत नाही, फक्त टोक छाटतात.

17 मार्च

वाट. हिवाळ्यात दोन महिने कळप दरीच्या तोंडापर्यंत उतरतात, पीक निघालेल्या शेतात बसतात, शेताला खत मिळतं, रुवाणांना दाणे. हे दोघांच्या फायद्याचं आहे. भांडण होतं ते जाण्या-येण्याच्या वाटेवरून, कारण दरवर्षी बांध दोन हात पुढे सरकतो.

यासाठी स्पेनमधल्या जुन्या कॅस्टिल राज्याचा इतिहास वाचला. तिथे 1273 मध्ये दहाव्या अल्फोन्सो राजाने मेंढपाळांच्या मेस्ता या संघटनेला हक्क दिले, मोठ्या राजवाटांची रुंदी 75 मीटरच्या आसपास ठरलेली, आणि ही संघटना 1836 पर्यंत टिकली. पण तिथे मेस्ता इतकी बलवान होती की शेतकरीच भरडले जायचे, कारण लोकरीचा पैसा राजाच्या तिजोरीत जायचा. आणि अजूनही स्पेनमध्ये त्या वाटा सार्वजनिक आहेत, 1995 चा कायदा आहे त्यासाठी. हे वाचून मी दरीवाल्यांना नुसतं लोभी ठेवायचं नाही असं ठरवलं. 120 हुंबरं उभ्या शेतातून गेली तर एका घराचं वर्ष जातं, ही गोष्ट पण तितकीच खरी आहे. दरीतल्या एका शेतकरणीच्या तोंडून एक पूर्ण प्रकरण येऊ दे. मित्राला सांगितलंय, मॅपवर वाट रेषेने नको, पट्ट्याने दाखव, आणि तीन ठिकाणी चिंचोळी होऊ दे.

30 मार्च

रोग. आज लिहायला जड गेलं.

बुळकांडी 1880 आणि 1890 च्या दशकांत आफ्रिकेत पसरली तेव्हा कित्येक भागांत दहातली आठ-नऊ गुरं मेली. गुरांवर जगणारी माणसंही मग उपासमारीने गेली, इथिओपियात तर भयंकर दुष्काळ झाला. देवीनंतर पृथ्वीवरून पूर्ण नाहीसा केलेला दुसरा रोग हाच, 2011 मध्ये तसं जाहीर झालं. आणि सायगा, ज्याचं नाक आपण घेतलं, त्यांचे कझाकस्तानात 2015 च्या मे महिन्यात काही आठवड्यांत दोन लाखांहून जास्त मेले, विणीच्या कळपात एकत्र जमलेले असताना, एरवी अंगात निरुपद्रवी राहणाऱ्या जिवाणूने.

आपल्या जगात अशी साथ कथेच्या 40 वर्षं आधी खाऱ्या तळ्याकाठी येऊन गेली. जिथे सगळे भेटतात तिथेच. म्हणून आज काही तळ मिठाला येत नाहीत, दूरून माणसं पाठवून मीठ पाठीवर नेतात, आणि त्यांच्या पोरापोरींची लग्नं जमत नाहीत. शांततेचा नियम जिथे होता तीच जागा आता लोकांना भीतीची वाटते. दोन्ही बाजूंनी बोलणारी माणसं हवीत.

12 एप्रिल

नावं. दक्षिण सुदानच्या नुएर लोकांमध्ये तरुण मुलगा आपल्या लाडक्या बैलाचं नाव घेतो, त्याच्यावर गाणी करतो. रुवाणांमध्ये मूल जन्मतं त्या दिवसांत जी मादी व्यायलेली असेल तिचा हुंकार त्या मुलाचा होतो. बोलताना साधं नाव, पण धुक्यात हाक मारायची ती त्या हुंकाराने. नवऱ्याने बायकोला, आईने मुलाला. मादी मुलीला हुंकार देत जाते थोडा बदलून, त्यामुळे आपल्या हुंकाराची मादी कळपात कुठेतरी असतेच.

साथीत ज्यांच्या माद्यांचा वंशच संपला ती माणसं आज पन्नाशीपुढची आहेत. त्यांचा हुंकार आता कुठल्याच जनावराकडे नाही. पान्हवी मात्र तो शिकून ठेवते, न वापरता येणारा, आणि आपल्या शिष्येला शिकवते. नायिकेची गुरू अशा 31 हुंकारांची मालकीण आहे आणि ती विणीच्या दिवसात रोज पहाटे ते सगळे एकदा म्हणते, कामाला लागायच्या आधी. लिहिताना हुंकाराचा आवाज अक्षरांत छापायचा नाही, हे सगळ्यांनी पाळा. कोण ऐकून वळलं तेवढंच लिहायचं.

21 एप्रिल

दत्तकाच्या नियमात एक फट राहिली होती ती आज भरली. तळूची खरी आई मेलेली नसेल तर? साथीच्या भीतीने वेगळा पडलेला तळ, आई बर्फात मागे राहिली, सगळ्यांनी गेली असं धरलं, आणि ती पाचव्या दिवशी चालत येते.

रुवाणांचा नियम जनावरावरून आलेला आहे, तीन दिवसांत आली असती तर मूल तिचं, चौथ्या दिवशी डगला उतरला की दुसरीचं. पण कानाच्या खुणेचा नियमही जनावरावरूनच आलाय, पिल्लाला आई नवी लागली तरी डावा कान पहिल्या मालकाचाच. म्हणजे दोन्ही बायका बरोबर आहेत आणि निवाडा करणाऱ्यांपुढे दोन्ही दाखले आहेत. मुलगी देताना अर्धली चालते तर मुलात का नको, असं कोणीतरी म्हणणारच, आणि ते म्हणणारी माझ्या मते दत्तक घेतलेली बाई असावी, कारण तिच्याकडेच गमावण्यासारखं जास्त आहे. एक वर्ष या तळावर, एक त्या तळावर, कळप खाऱ्या तळ्याशी भेटतील तेव्हा हवाली करायचं. पण खऱ्या आईचा तळ तर मिठाला येत नाही. म्हणजे मुलगा हवा असेल तर तिला आपल्या तळाला तळ्यावर यायला राजी करावं लागेल, 40 वर्षांनी पहिल्यांदा. दुसऱ्या भागाचं कथानक इथून निघतंय, आराखडा उद्यापासून लिहायला घेतो. मॅपमध्ये तिच्या तळाची वाट तळ्यापासून किती लांब ठेवायची ते तेवढं मला लवकर कळवा, हिवाळ्याआधी पोचता येईल पण जेमतेम, इतकं अंतर हवंय.